स्टार्टरच्या बटणात अडकवलेली काडी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, काल पोट्ट्यांनी लाकडी बैल मिरवले, बोजारा गोळा केला, मिळेल तिथे खाल्लं, मिळेल ते पाणी प्यायले. आज दोन-तीन घरी हगवण आहे. म्हणून ठरवलेला विषय थोडा बाजूला ठेवतो आणि आतड्याबद्दलच बोलतो.

हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड आठवतो, नाहीतर इन्सुलिन. पण हा शब्द जन्मला तो लहान आतड्यापायी. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांना तिथे सिक्रेटिन नावाचा रासायनिक निरोप्या सापडला आणि १९०५ साली स्टार्लिंगनं अशा निरोप्यांना हार्मोन म्हटलं. पेशीवर बसून हा निरोप घेणारा रेणू म्हणजे रिसेप्टर.

आता आपल्या शेतातली मोटरपेटी डोळ्यांसमोर आणा. मोटर खाली विहिरीत, स्टार्टर वर. हिरवं बटण दाबलं की पाणी सुरू. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर असंच एक बटण, म्हणजे रिसेप्टर, असतं, त्याचं नाव ग्वानिलेट सायक्लेज-सी. गंमत अशी, की बहुतेक हार्मोन रक्तातून येतात, पण हे बटण अन्न जातं त्या बाजूला, म्हणजे आतड्याच्या पोकळीकडे तोंड करून बसलेलं असतं. त्याला दाबणारं हार्मोन म्हणजे ग्वानिलिन. आतडं ते स्वतःच बनवतं आणि पोकळीतच सोडतं. १९९२ साली ते उंदरांच्या आतड्यात सापडलं. ग्वानिलिन म्हणजे बटणावरचं बोट, हळूच दाबतं आणि उचलतं. पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप वाढतो, क्लोराइडचं दार उघडतं, त्यामागे सोडियम आणि पाणी बाहेर येतं. आतडं ओलं राहतं, अन्न सरकतं. रोजचं काम आहे हे, आजार नव्हे.

मग हगवण कुठून येते? दूषित पाण्यातून ई. कोलाय या जंतूच्या काही जाती आत शिरतात. त्या एक छोटं विष बनवतात, जेमतेम १८-१९ अमिनो आम्लांचं. ग्वानिलिन १५ अमिनो आम्लांचं. दोघांचा चेहरा इतका सारखा, की बटणाला मालक कोण नि चोर कोण कळतच नाही. फरक एका टाक्याचा. ग्वानिलिनला गंधकाचे दोन टाके घातलेले असतात, विषाला तीन. त्यामुळे ते सैल पडत नाही, जास्त जोरानं बसतं. आपल्याकडे बटण दबून राहावं म्हणून काडी अडकवतात ना, तसंच. मोटर चालतच राहते आणि विहीर उपसली जाते. वर सोडियम आत ओढणारी एक वाटही याच निरोपानं मंदावते.

(याच विषाच्या बेतावरून केलेलं लिनाक्लोटाइड नावाचं औषध २०१२ पासून अमेरिकेत बद्धकोष्ठावर दिलं जातं. हे ऐकून मागच्या रांगेतले काकाजी हसले. हसण्यासारखंच आहे.)

माझ्या लहानपणी आजी म्हणायची, पोट चाललं तर पाणी बंद. तिला वाटायचं, वरून ओतलं तर खालून जास्त जाईल. शेजारच्या काकू मात्र भाताची पेज मीठ टाकून पाजायच्या. बरोबर त्या होत्या. कारण याच पेशींवर एक वेगळं दार असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतं आणि मागे पाणी येतं. काडी अडकली तरी हे दार चालू राहतं. पेजेतल्या पिष्टाचं पोटात ग्लुकोजच होतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजेच ओआरएस, पाजून याच दारानं माणसं वाचवली. कॉलऱ्याचं विष वेगळं बटण दाबतं, दार मात्र हेच.

एका मावशीनं विचारलं, "सर, ओआरएस पाजूनही लेकराला पातळ होतच राहते, मंग उपयोग काय?"

मावशी, ओआरएस मोटर बंद करत नाही, विहीर भरत राहते. जंतू निघून जाईस्तोवर तेवढं पुरतं. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. पाकीट नसलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्यानं पाजा. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, पिणं सोडलं, की लगेच दवाखान्यात न्या.