रीफ टँकमध्ये रोज बघायचा आकडा एकच

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय घरच्या रीफ टँकचं, म्हणजे समुद्री खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, पाणी आणि त्यातल्या कोरलची, म्हणजे प्रवाळांची, तब्येत. या विषयावर बोलणारा माणूस सहसा दहा-बारा आकड्यांचा तक्ता स्क्रीनवर लावतो, लोक मोबाईलमध्ये फोटो काढून घेतात आणि तो फोटो परत कुणी उघडत नाही, म्हणून मी तक्ता आणलेलाच नाही. मी आज मुख्यतः अल्कलिनिटीवर बोलणार, म्हणजे आपण ज्याला नुसतं अल्क म्हणतो, पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप, आणि बाकीचे आकडे ओघात येतील तसे येतील.

आता अल्कच का? तर कोरल काय करतं बघा, पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून घेतं आणि त्याचा सांगाडा बांधतं, आणि हे दोन्ही ठरलेल्या प्रमाणातच वापरलं जातं, एक डीकेएच, हे अल्क मोजायचं एकक, एवढी अल्क खर्च झाली की साधारण सात पीपीएम, म्हणजे लिटरमागे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम खर्च होतं. समुद्रात कॅल्शियम असतं ४२० पीपीएमच्या आसपास आणि अल्क असते सातच्या आसपास, आपण टँकमध्ये आठ-नऊ ठेवतो. म्हणजे समजा तुमच्या टँकने एका दिवसात एक डीकेएच खाल्ली, तर अल्क आठवरून सातवर आली, आठवा हिस्सा गेला की, आणि त्याच दिवसात कॅल्शियम ४२०चं झालं ४१३, जे आपल्या घरच्या टेस्ट किटला धड कळतसुद्धा नाही! मॅग्नेशियम तर त्याहून निवांत, ते १३००च्या आसपास असतं आणि फार हळू उतरतं, त्याचं मुख्य काम म्हणजे कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना चिकटून खाली बसू नयेत हे बघणं. महिन्यातून एकदा तपासलं तरी चालतं. गडबड आधी होते ती अल्कमध्ये.

आणि किती आकडा ठेवायचा यावर लोक तासन् तास भांडतात. साडेसात की नऊ की अकरा. माझं मत विचाराल तर सात ते दहामध्ये कुठेही ठेवा पण तिथेच ठेवा. आज सात, परवा साडेनऊ, रविवारी परत साडेसात, हे अ‍ॅक्रोपोराला, म्हणजे त्या फांद्यांच्या नाजूक कोरलला, झेपत नाही. एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त बदल मी तरी करत नाही, आणि खाली घसरलेली अल्क एका झटक्यात वर नेणं हे ती घसरण्यापेक्षा वाईट, हे नवीन लोकांना पटतच नाही कारण त्यांना आकडा लगेच ‘बरोबर’ करायचा असतो.

टेस्ट कशी करायची ते सांगतो कारण इथे बऱ्याच जणांची चूक होते. किटची बाटली उघडायच्या आधी कुपी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळायची, मग सिरिंजने पाणी घ्यायचं आणि सिरिंजच्या टोकाला हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते उजेडात धरून बघायचं, तो बुडबुडा म्हणजे तुमचा अर्धा डीकेएच इकडचा तिकडे. मग रिएजंट, म्हणजे किटमधलं रसायन, थेंब थेंब, प्रत्येक थेंबानंतर कुपी हलवायची. माझ्या किटमध्ये निळा रंग आधी हिरवट होतो मग पिवळा, तुमच्यात दुसरे रंग असतील, पण मुद्दा असा की रंग कुठे ‘बदलला’ म्हणायचं ते एकदा ठरवा आणि दर वेळी तिथेच थांबा. आणि वेळ एकच ठेवा. दिवे लागायच्या आधी तर रोज दिवे लागायच्या आधीच, कारण उजेडात कोरल जास्त वेगाने सांगाडा बांधतं आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे आपोआपच वेगळे येतात, मग माणूस उगाच घाबरतो.

मग रोजचा खर्च काढायचा. दोन-तीन दिवस डोसिंग, म्हणजे खर्च झालेलं पाण्यात परत घालणं, बंद, पाणी बदलायचं नाही, रोज त्याच वेळी अल्क मोजायची. सोमवारी ८.६, गुरुवारी ७.७, म्हणजे तीन दिवसांत ०.९, म्हणजे दिवसाला ०.३. आता हे परत कसं द्यायचं तर शंभर लिटर पाण्यात अल्क एक डीकेएचने वाढवायला साधारण तीन ग्रॅम खायचा सोडा लागतो, शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, बेकिंग पावडर नाही हां, ती वेगळी. म्हणजे २०० लिटरच्या टँकला दिवसाला ०.३साठी दोन ग्रॅमच्या आत-बाहेर. एवढंच. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराईड वेगळं, वेगळ्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या जागी, दोन्ही एकत्र ओतलं की पांढरा गाळ होतो आणि दोघंही वाया. काही जण काल्कवासर वापरतात, चुन्याची निवळी, त्यात दोन्ही गोष्टी एकदम मिळतात पण तिचा पीएच बाराच्या वर असतो, त्यामुळे ती रात्री आणि थेंब थेंबच जायला पाहिजे, पंप अडकून बादलीभर एकदम गेली तर काही उरत नाही.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. हा रोजचा खर्च म्हणजे कोरलची नाडी आहे. रोज ०.३ खाणारा टँक एखाद्या आठवड्यात ०.१वर आला, डोसिंग तेच आणि अल्क मात्र वर चाललीये, तर लोक खूश होतात की वा, अल्क वाढली. अहो वाढली नाही, खाणारे जेवत नाहीयेत! वाढ थांबलेली असते, आणि हे रंग उडायच्या किंवा मांस सुटायच्या आधी दिसतं, कधी कधी चांगलं आठवडाभर आधी. तेव्हा बाटल्या उघडायच्या नाहीत, कारण शोधायचं, हीटर अडकला का, क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, बदलली का, दिवे नुकतेच वाढवले का, नवीन काही टँकमध्ये टाकलं का. उलटं पण होतं, खर्च अचानक दुप्पट झाला आणि कोरल तर तेवढीच आहेत, मग हीटर आणि पंप बाहेर काढून बघा, त्यावर पांढरी खरखरीत पुटं चढली असतील, वाळूचे गोळे झाले असतील, म्हणजे तुमचा डोस कोरलला नाही तर पंपाला जातोय.

पीएचचं थोडक्यात आटोपतो. रात्री तो खाली येणारच, कारण उजेड गेला की प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वास मात्र सगळ्यांचा चालू, ७.८ ते ८.४मध्ये हेलकावे चालतात. बंद खोलीत माणसं जास्त असली की हवेतला कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो, खिडकी उघडली की वर येतो. आणि ते पीएच वाढवायचे बफर मिळतात ना, त्यात बहुतेक कार्बोनेटच असतं, म्हणजे तुम्ही पीएचच्या नावाखाली अल्क वाढवत बसता, पीएच दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मला तो प्रकार पटत नाही.

क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, विशिष्ट गुरुत्वात सांगायचं तर १.०२६. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओ-डीआय फिल्टरच्या, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेल्या. २०० लिटरमधून रोज दोन लिटर उडालं आणि तीन दिवस भर घातली नाही तर ३५चं ३६ होतं, आणि त्याबरोबर तुमची अल्कसुद्धा वर गेलेली असते, मग टेस्ट किटला दोष देऊ नका. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणलेला मीटर ३५ला चुकीचा असू शकतो.

नायट्रेट-फॉस्फेटबद्दल एक गैरसमज काढायचाय. शून्य म्हणजे स्वच्छ, असं नाही. कोरलच्या पेशींत जे शैवाल राहतं त्यालाच तर नायट्रोजन-फॉस्फरस लागतो, आणि कोरलची बरीचशी ऊर्जा त्या शैवालाकडून येते. दोन्ही शून्यावर नेले की कोरल फिकट पडतं आणि वाळूवर तो तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला थर येतो, डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव, तो घालवायला महिने जातात. नायट्रेट पाच-दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असेल तर मी हात लावत नाही. फॉस्फेट ०.३ असेल तरी ते दोन दिवसांत खाली ओढायचं नाही, एक तर कोरलला धक्का बसतो आणि दुसरं म्हणजे दगडांनी फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं, पाण्यातलं काढलं की दगड परत सोडतात, दोन आठवड्यांनी आकडा परत वर. आणि हो, अन्न, म्हणजे हेच नायट्रेट-फॉस्फेट, कमी आणि अल्क जास्त, दहा-अकरा, ही जोडी एसपीएसला, म्हणजे अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या कोरलला, वाईट, टोकं जळतात.

टोकं जळणं ओळखायचं कसं, कारण वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोराचं टोक तसंही पांढरटच असतं. टॉर्च घेऊन बाजूने बघा. वाढीचं टोक पांढरट असलं तरी त्यावर मांसाचा पातळ चकचकीत थर असतो आणि रंग हळूहळू गडद होत खाली जातो. जळालेलं टोक कोरडं, खडूसारखं, आणि मांस जिथे संपतं तिथे ठसठशीत रेघ, चार-पाच दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ धरतं. मांस बुंध्याकडून सुटायला लागलं असेल तर मात्र वेगळं प्रकरण, तिथे सावली, कमी प्रवाह, नाहीतर किडे, चपटे किडे तर कोरलच्याच रंगाचे असतात. नवीन कोरल डिप करून, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, घ्या पण डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याने परत डिप, आणि कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं तो खालचा प्लग शक्यतो फेकूनच द्या.

इथे एक चिठ्ठी आलीये, विचारलंय की दगडावर पॅलिथोआ, कोरलच्या नात्यातला चटईसारखा वाढणारा जीव, फार पसरलंय, तो दगड बाहेर काढून उकळला तर चालेल का. अजिबात नाही! पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते फार जहाल विष आहे, उकळल्यावर वाफेबरोबर ते हवेत उडतं आणि घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याची प्रकरणं झालेली आहेत, ब्रशने घासणं आणि गरम पाणी ओतणंसुद्धा नको. हातमोजे, डोळ्याला चष्मा, हातावर जखम असेल तर हात घालायचाच नाही, आणि दगड पाण्याखालीच बादलीत घेऊन, झाकून, टँकपासून वेगळा करा. पुढची चिठ्ठी द्या.