कालवड की गोऱ्हा?

(दृश्य: पहाटेचा गोठा. नुकतीच व्यालेली गाय वासराला चाटते आहे.)

गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न हाच: "काय झालं? कालवड की गोऱ्हा?" उत्तर कळेपर्यंत ते नुसतं वासरू असतं. मराठीचं नपुंसकलिंग इथं किती मायेनं येतं! करडू, कोकरू, रेडकू, शिंगरू आणि माणसाच्या घरातलं लेकरू, सगळी ‘ते’.

वासरू वाढू लागलं की त्याचं पुढचं आयुष्य नावात उतरतं. मादी असेल तर कालवड, व्याली की गाय. नर असेल तर गोऱ्हा, पुढे खोंड. खच्ची करून औताला जुंपला तर बैल, पैदाशीसाठी राखला तर वळू. म्हशीच्या दावणीला शब्द निराळे: रेडा, वगार, पारडू. ज्या जनावरावर घर चालतं, ते दूध देणार की नांगर ओढणार, हे एका शब्दात कळावं लागतं.

(दृश्य: माळरानावर घिरट्या घालणारी घार.)

रानातल्या पाखरांशी असा व्यवहार नव्हता. म्हणून घार सदा ‘ती’, गरुड ‘तो’ आणि घुबड ‘ते’. नर असो वा मादी. जर्मन माणूसही हेच करतो, फक्त वाटणी वेगळी: मांजर ‘ती’, कुत्रा ‘तो’ आणि घोडा चक्क ‘ते’! बंगालीत वाघाला बाघ आणि वाघिणीला बाघिनी असे दोन शब्द आहेत, पण दोघांपैकी कुणीही आलं तरी क्रियापद एकच, ‘एलो’.

आपण सहज म्हणतो, "डास चावला." चावणारी मात्र नेहमी मादीच असते; अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर फुलांतल्या मधुरसावर जगतो. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचे जंतू सापडले, तेही डासाच्या मादीच्या पोटात.

(दृश्य: मोहरलेला आंबा. कुहू... कुहू...)

आणि ही साद. पिढ्यान् पिढ्या आपण म्हणत आलो, कोकिळा गाते. फांदीवर नीट पाहा. काळाभोर, तांबड्या डोळ्यांचा हा नर आहे, कोकीळ. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती पलीकडच्या पानांत बसली आहे, कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून. तिचा आवाज हा असा:

(ध्वनी: किक्-किक्-किक्.)