पोर्ट्रेटचा लाइट लावण्याआधी मेजर टेप काढा

[कॅमेऱ्याकडे बघत, दोन्ही हातांत एकेक प्रिंट]

नमस्कार मंडळी. हे दोन फोटो बघा. दोन्ही मीच काढलेत. ऑफिस एकच, कॅमेरा एकच, लाइटही तोच. या माणसामागची भिंत फिकट, जवळजवळ पांढरी दिसतेय. आणि या दुसऱ्यामागची चांगलीच राखाडी. भिंतसुद्धा तीच आहे बरं का.

झालं असं, की एका छोट्या कंपनीतल्या आठ जणांचे फोटो मी एका दिवसात उरकले. वेबसाइटवर ओळीने लागले, झकास दिसले. महिन्याभराने नववा माणूस रुजू झाला. त्याचा फोटो काढायला गेलो आणि सगळं नजरेच्या अंदाजाने लावलं. वेबसाइटवर तो असा दिसायला लागला, जणू आठ जण घरचे आणि हा पाहुणा. ‘याचाच फोटो वेगळा का वाटतोय हो?’ असं मला विचारलं गेलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुकटात परत काढून दिला.

तेव्हापासून ही वस्तू माझ्या बॅगेतून बाहेर पडलेली नाही.

[मेजर टेप सर्रकन ओढून दाखवत]

कॅमेरा कोणता घेऊ, हे मला सगळे विचारतात. जो हातात आहे तो घ्या. धंद्यासाठी लागणारा पोर्ट्रेट तीन अंतरांवर उभा असतो: लाइट ते चेहरा, चेहरा ते भिंत आणि कॅमेरा ते चेहरा. आज तिन्ही मोजून दाखवतो.

[सॉफ्टबॉक्सशेजारी उभं राहून]

आधी लाइट. लाइट चेहऱ्यावर फार मारतोय असं वाटलं, की नवखा माणूस काय करतो? स्टँड उचलून मागे नेतो. नेमकं उलटं होतं. आता माझ्या नाकाच्या सावलीवर लक्ष ठेवा. लाइट एक मीटरवर आहे, सावलीची कड गालावर हळूहळू विरतेय. आता मागे नेतो... दोन मीटर... तीन मीटर. बघा, कड ब्लेडने कापल्यासारखी झाली. कपाळावरचा तेलकटपणाही वर आला. लाइट लांब गेला की चेहऱ्याच्या दृष्टीने तो लहान होतो, आणि लहान लाइट कडक पडतो. जवळ आणला की मोठा होतो, म्हणून मऊ पडतो. चेहरा जास्त उजळ झाला तर पॉवर कमी करा, स्टँड हलवू नका.

किती जवळ? सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे लाइटपुढच्या या पांढऱ्या कापडाच्या पेटीचा कर्ण मोजा आणि साधारण तेवढं अंतर ठेवून सुरुवात करा. माझा साठ बाय नव्वद सेंटीमीटरचा आहे, कर्ण १०८. म्हणजे एक मीटर धरून चाला. सॉफ्टबॉक्स नसेल तर मोठ्या खिडकीशी बसवा. थेट ऊन आत येत असेल तर पांढरा पातळ पडदा लावा.

लाइट समोरून थोडा बाजूला, साधारण ४५ अंशांवर, आणि डोळ्यांच्या वर. किती वर, ते डोळ्यांतच बघायचं. बुब्बुळात लाइटचा चमकता ठिपका दिसतो, त्याला कॅचलाइट म्हणतात. बुब्बुळ म्हणजे घड्याळ समजा. ठिपका १० वर किंवा २ वर दिसला की झालं. ठिपका दिसेनासा झाला, खोबणी काळी पडली, तर लाइट फार वर गेलाय. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट उभा करा. सावली गायब करायची नाही, फक्त हलकी करायची.

सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उमटवायची एक पद्धत आहे. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावाने ती ओळखली जाते. दिसते सुंदर. पण हिशेबनीस किंवा फिजिओथेरपिस्टच्या वेबसाइटवर तो फोटो रहस्यपटाच्या पोस्टरसारखा वाटतो. मी थर्माकोल जवळ सरकवतो आणि त्रिकोण पुसट करून टाकतो.

[टेपचं एक टोक स्टँडला अडकवून भिंतीपर्यंत नेत]

आता दुसरं अंतर. माझी चूक इथेच होती.

अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट झालं तर नववा हिस्सा. (खिडकी किंवा जवळ आणलेला सॉफ्टबॉक्स मोठा असल्यामुळे हा हिशेब तिथे अगदी तंतोतंत जुळत नाही, पण अंदाजाला पुरतो.) आठ जणांच्या वेळी लाइट चेहऱ्यापासून दोन मीटरवर होता आणि भिंत चेहऱ्याच्या एक मीटर मागे. म्हणजे लाइटपासून भिंत तीन मीटर. भिंतीवर चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडा कमी उजेड पोहोचत होता, म्हणून ती फिकट दिसली. नवव्याच्या वेळी मी शहाणपणा केला. मऊ उजेड हवा म्हणून लाइट एक मीटरवर आणला आणि पॉवर उतरवली. चेहरा तितकाच उजळ. भिंत मात्र आता लाइटपासून दोन मीटर, म्हणजे चेहऱ्यापेक्षा दुप्पट अंतरावर. उजेड पाव. पूर्ण दोन स्टॉप खाली (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा). माणूस जागचा हललाही नव्हता, भिंत काळवंडली.

हेच गणित तुमच्या बाजूनेही वापरता येतं. लाइट एक मीटरवरच ठेवा आणि माणसाला भिंतीपासून तीन मीटर पुढे आणा. भिंतीवर सोळावा हिस्सा उरतो आणि तीच पांढरी भिंत कोळशाच्या रंगाकडे झुकते. एका भिंतीत तीन बॅकग्राउंड, कापड विकत घ्यायची गरज नाही. उलट पांढरी शुभ्रच हवी असेल तर भिंतीला तिचा स्वतःचा लाइट द्यावा लागतो, दुसरा सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही. आणि माणसाला भिंतीला टेकवून उभं करू नका. मागे सावली पडते आणि फोटो ओळखपत्राचा होतो.

[फोन चेहऱ्याजवळ आणत]

तिसरं अंतर कॅमेऱ्याचं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत १२ सेंटीमीटर धरा. फोन नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ वर जातो. म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं दिसणार. तोच कॅमेरा दोन मीटरवर न्या, फरक ६ टक्क्यांवर येतो. ‘माझं नाक फोटोत मोठं येतं’ म्हणणाऱ्यांना मी आरशाकडे नाही, टेपकडे बघायला सांगतो. लेन्सवर खापर फुटतं, पण हा खेळ अंतराचा आहे. दीड ते दोन मीटरवरून चेहरा फ्रेमभर यावा म्हणून जास्त मिलीमीटरची लेन्स लागते, इतकंच. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलीमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० चालते. फोनवर दोन किंवा तीन पटींची लेन्स निवडा आणि दोन पावलं मागे जा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर.

सेटिंगमध्ये फार वेळ घालवत नाही. फ्लॅश असेल तर एफ ५.६, शटर १/१६०, आयएसओ १००. फ्लॅश बंद करून एक फोटो काढून बघा, फ्रेम काळी यायला हवी. तशी आली म्हणजे खोलीतला उजेड आत घुसत नाहीये. एलईडी असेल तर खोलीतल्या ट्यूब आणि बल्ब बंदच करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: खिडकीचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २७०० चा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा हळद लावल्यासारखा. नंतर कॉम्प्युटरवर ते सुधारत बसणं म्हणजे रात्र वाया. फोकस नेहमी कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर.

[चष्मा घालत]

चष्म्यावर थोडं थांबतो, कारण इथे सगळे हात टेकतात. काचेवर लाइटचा पांढरा चौकोन दिसतो. ‘चष्मा काढा ना’ म्हणू नका. जो माणूस रोज चष्मा लावतो त्याला गिऱ्हाईक चष्म्यातच ओळखतं. लाइट थोडा वर आणि थोडा बाजूला घ्या. तरी चौकोन राहिला तर चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर वर उचला, अशा. काचा किंचित खाली झुकतात, चौकोन घसरून जातो. समोरून काड्या उचललेल्या कळतही नाहीत.

बसवण्याचं म्हणाल तर खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे, आणि ‘कपाळ माझ्याकडे आणा’ असं सांगा. ‘हनुवटी पुढे’ म्हटलं की लोक हनुवटी वर करतात आणि नाकपुड्या दिसतात. कोट असेल तर त्याच्या मागच्या कडेवर बसायला सांगा, खांद्यावर फुगवटा येत नाही.

आणि ‘स्माइल प्लीज’ विसरा. त्याने ओठ हलतात, डोळे हलत नाहीत. मी विचारतो, ‘तुमच्याकडे येणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो?’ त्याचं उत्तर माणसाला झोपेतही येत असतं. बोलताना क्लिक करायचं नाही, तोंड वेडंवाकडं येतं. वाक्य संपतं, ओठ मिटतात, त्यानंतरचं अर्धं सेकंद आपलं. पहिले दहा फोटो लाइट तपासतोय असं सांगून काढा. माणूस तेवढ्यात सैलावतो.

डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना जागा सोडा. प्रोफाइलचा फोटो बहुतेक ठिकाणी गोल कापला जातो, आणि घट्ट फ्रेममधले केस आणि खांदे त्यात उडतात.

[खिशातून वही काढून, पान कॅमेऱ्यासमोर धरत]

आता हे वहीतलं पान, त्या आठ जणांच्या मांडणीचं, आकडे सेंटीमीटरमध्ये. लाइट ते चेहरा २००. चेहरा ते भिंत १००. कॅमेरा ते चेहरा १८०. लाइटची उंची, पॉवर, लेन्स, केल्विन, सगळं खाली लिहिलंय. स्टँडचे पाय, स्टूल आणि ट्रायपॉड यांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या आणि त्यांचा फोनवर फोटो काढून ठेवायचा. शूट संपलं म्हणून त्या पट्ट्या लगेच उपटू नका. बाहेर मीटिंगला गेलेला कोणीतरी पाच वाजता येऊन ‘माझा राहिलाय’ म्हणणारच आहे.