घरातल्या घरात

मंडळी, वाचनालयाच्या लोकांनी मला विषय दिलाय, ‘घरात रमावं कसं’. समोर बसलेल्या बायकांचं हसू मला दिसतंय. पहाटेपासून घरातच तर असतो, आणखी रमायचं काय! बरोबर आहे. कामाला जुंपलेल्या माणसाला घर दिसत नाही, उरलेलं काम दिसतं. आणि आनंदी राहायचे उपाय सांगायला मी काही आलेली नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे एकच खोड लागली: काही दिसलं की ‘हे असं का?’ म्हणून विचारायचं.

कवडशाचंच घ्या. कौलारू घरात सकाळी नवाच्या सुमारास माजघरात उन्हाचे ठिपके पडतात. वर कौलांतल्या फटी बघा. कुठे तिरकी चीर, कुठे फुटक्या कोपऱ्याचा त्रिकोण. खाली कवडसे मात्र सगळे सारखे, लांबट गोल. फट वेडीवाकडी आणि कवडसा गोल, हे कसं? कारण जमिनीवर पडलंय ते सूर्याचं चित्र. फट बारीक असली आणि जमीन पुरेशी लांब असली की तेच उमटतं. ऊन तिरपं येतं म्हणून ते लांबट दिसतं. पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून धरा, नीट गोल होईल. मग पुठ्ठा वर वर नेत चला. शिडी लागेल, नातवाला चढवा. कवडसा लहान होत जातो आणि फटीच्या अगदी जवळ गेल्यावर तो त्रिकोण दिसायला लागतो.

फूटपट्टीने मोजूनही बघा. फटीपासून पुठ्ठा चार मीटरवर असेल तर कवडसा चार सेंटीमीटरच्या जरा खाली भरतो. सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट लांब आहे, तेच प्रमाण इथे उतरतं. (१०८ म्हटल्यावर कोणी जपमाळ काढू नका.)

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, कोकणातून ते खंडग्रास होतं. अशा वेळी ऊन असेल तिथला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. पण बरीच माणसं दारं लावून बसलेली असतात! २ ऑगस्ट २०२७ लाही ग्रहण आहे, पण ऑगस्टातलं आपलं आभाळ तुम्हाला ठाऊकच आहे. स्लॅबच्या घरात काय करायचं, असं मागून कोणीतरी विचारतंय. आंब्याखाली जा. पानांच्या फटींतूनही हेच होतं.

आता मीठ. जून लागला की बरणीला पाणी सुटतं आणि आपण झाकणाला दोष देतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याच्या खाली येते कधी? खडेमीठ तर आधीच पाघळतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात आणि ते फार हावरे. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३० च्या मे महिन्यात झाला. पावसात मिठागरावर उचलायला मीठच नसतं.

जुन्या बायका मिठाची बरणी चुलीशेजारी ठेवायच्या. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण हवा तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते आणि मीठ कोरडं राहतं. चुलीवर टांगलेल्या सुक्या मासळीला धुराबरोबर हाही फायदा मिळायचा. गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली, बरणी ओट्यावर आली आणि लागली रडायला. आमची सून त्यात तांदळाचे दाणे घालते. ते दाणे खरंच किती पाणी ओढतात, हे तोलून बघायचं आम्हा दोघींच्या मनात आहे. पण त्याला सोनाराचा काटा लागेल, आणि सोनार काही तो द्यायला तयार नाही.