सोतेर्न महाग वाटते? मग मोंबाझियाक आणा

नमस्कार मंडळी, आज गोड वाइनबद्दल बोलायचंय, फ्रान्समधल्या, आणि तीसुद्धा खिशाला परवडणाऱ्या. गोड फ्रेंच वाइन म्हटलं की सगळे बोर्दो भागातल्या सोतेर्नचंच नाव घेतात, १८५५ मध्ये बोर्दोच्या वाइनची दर्जानुसार वर्गवारी झाली तेव्हा तिथल्या शातो दिकेम या वाइनला एकटीला सगळ्यांच्या वर बसवलं होतं आणि आजही तिची बाटली काही शे युरोंना जाते, त्यामुळे लोकांना वाटतं हा प्रकार आपल्यासाठी नाहीच. तसं अजिबात नाहीये. बोर्दोच्या पूर्वेला, बेर्झराकच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर मोंबाझियाक बनते, द्राक्षं तीच, सेमियाँ, सोव्हिन्याँ आणि थोडी म्युस्कादेल, पद्धतही तीच, आणि तिकडच्या साध्या सुपरमार्केटमध्ये साधारण १०-१५ युरोत चांगली बाटली मिळते.

होतं काय, की द्राक्षं पिकल्यावर शरदात सकाळी दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातून धुकं वर येतं, दुपारी ऊन पडतं, आणि त्या ओलीमुळे घडांवर बॉट्रिटिस नावाची बुरशी धरते. एरवी बुरशी आली म्हणजे माल गेला, इथे मात्र शेतकरी तिची वाट बघत असतो, कारण ती साल पोखरते, आतलं पाणी उन्हात उडून जातं आणि साखर, आंबटपणा, वास सगळं दाट होतं. सगळे घड एकदम तयार होत नाहीत म्हणून त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरून हाताने तोडणी करावी लागते, १९९३ पासून तर मशीनने तोडायला बंदीच आहे. एवढे कष्ट असून भाव कमी, कारण सोतेर्नसारखं नाव नाही, आणि माझ्या मते हा फायदा आपण घ्यायलाच हवा.

आता सोबत काय ठेवायचं, कारण इथेच बरेच जण चुकतात. गोड वाइन म्हणून तिच्याबरोबर अजून गोड काहीतरी देतात, गुलाबजाम नाहीतर साखरेत घोळलेला केक, आणि मग ती बिचारी वाइन पातळ आणि आंबट लागते. पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, एवढं एक सांभाळलं तरी पुष्कळ झालं. त्याच भागात अक्रोड भरपूर होतात, तर अक्रोडाचा कमी साखरेचा केक फार छान लागतो, सफरचंदाचा तार्त, उन्हाळ्यात गार खरबूज. तिथले लोक जेवणाच्या सुरुवातीलाच ती फ्वा ग्राबरोबर घेतात, म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या यकृताबरोबर.

पण मला विचाराल तर गोडाचं सोडाच आणि रोकफोर चीज आणा, मेंढीच्या दुधाचं, निळ्या बुरशीचं, चांगलं खारट. एक छोटा तुकडा तोंडात टाकायचा, वर एक घोट, खारटाने वाइनचा मध-जर्दाळूचा स्वाद उठून दिसतो आणि वाइनमुळे चीजचा तिखटपणा मऊ होतो, दोघांचंही भलं होतं. चीज चालत नसेल तर खारे काजू-बदाम ठेवा. श्रीखंड, आमरस नको, हापूसच्या नुसत्या फोडी, जरा आंबटसर असतील तर बघा हवं तर.

भारतात परदेशी वाइन करांमुळे महाग पडते, तेव्हा तिकडून कुणी येणार असेल तर आणायला सांगा, नाहीतर नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची लेट हार्वेस्ट (म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन ब्लाँ घ्या, ती अशीच गोड आहे, द्राक्ष वेगळं असल्यामुळे चव वेगळी, पण सोबतच्या पदार्थांचा नियम तोच.

वाइन चांगली गार करा, ८ ते १० डिग्री, ग्लास लहान घ्या, ६०-७० मिली एका माणसाला भरपूर होते म्हणजे एका बाटलीत दहा जण सहज होतात, आणि उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस आरामात टिकते. नमस्कार.