उभा धागा, आडवा धागा आणि ‘इझनॉट’

सोलापूरच्या पूर्व भागातल्या या कारखान्यात मागाच्या डोक्यावरून जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांची साखळी खटखट सरकते आहे. पुठ्ठ्याला जिथे भोक आहे, तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो, आणि त्या दोन थरांमधून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन निघून जातो. चादरीवरची नक्षी कारखानदाराला आपल्या नावे नोंदवता येते आणि ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. धागा उचलण्या-न उचलण्यावर मात्र कोणाचीच मालकी नाही, आणि म्हणूनच रोज नवी नक्षी विणता येते.

मे २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत अशाच एका मूळ क्रियेसाठी पेटंटचा अर्ज केला. ‘बेसिक’ घराण्यातल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठीचे ‘इझनॉट’ हे चिन्ह दोन चलांचा (माहिती ज्यात ठेवतात त्या नावांचा) निर्देश संगणकाच्या स्मृतीतल्या वेगवेगळ्या जागांकडे आहे का, एवढेच तपासते. सुताच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सोलापुरातल्या तरुणालाही अशी तुलना पावलोपावली करावी लागते. त्याच घराण्यातल्या व्हिज्युअल बेसिक या भाषेत ‘नॉट’ आणि ‘इझ’ हे दोन शब्द वापरून ती पूर्वीपासून करता येत होती. नोव्हेंबर २००४ मध्ये अर्ज प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रोग्रॅमर संतापले, आणि तो संताप रास्तच होता.

कॉपीराइटमध्ये नक्कल केली तरच दोष लागतो. पेटंटमध्ये मात्र तीच कल्पना स्वतःच्या डोक्याने सुचली, तरी उल्लंघन ठरते. खर्चिक संशोधनाला संरक्षण हवे, हे मान्यच आहे. परंतु भाषेतल्या ‘नाही’ला कुंपण पडले, तर त्या भाषेत लिहिणारा प्रत्येकजण नकळत आरोपी होऊ शकतो.

युरोपीय संसदेने जुलै २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटविषयीचा प्रस्ताव १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला. भारतात पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला (गणनेच्या पायरीवार पद्धतीला) शोध मानत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही अट सैल केली होती. पुढच्याच वर्षी संसदेने तो बदल वगळला आणि मूळ शब्द कायम ठेवले. त्यातल्या ‘निव्वळ’ या एका शब्दाचा अर्थ कुठवर ताणायचा, यावर पेटंट कार्यालयात आणि उच्च न्यायालयांत अजूनही युक्तिवाद होत असतात.