कानातला खर्ज

ध्वनिमुद्रणाच्या कामात असल्यामुळे लग्नाच्या पंगतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : बेस चांगला हवा असेल तर कोणता इअरफोन घ्यावा? जो आहे तो आधी कानात नीट बसवून पाहा, असे मी सांगतो, आणि विचारणाऱ्याला वाटते की मी उत्तर टाळले. आज तुम्ही समोर आहात आणि तासभर हाताशी आहे, म्हणून तेच उत्तर सविस्तर देतो. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनमधला खर्ज, म्हणजेच बेस, त्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर फारसा अवलंबून नसतो. इअरफोनच्या तोंडावर चढवलेली मऊ टिप आणि कानाची नळी यांच्यामध्ये फट राहिली आहे की नाही, यावर तो ठरतो. ही फट बुजवायला बहुतेक वेळा नवा पैसाही लागत नाही.

खुल्या हवेत खर्ज निर्माण करणे हे मुळातच कष्टाचे काम आहे. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. दिवाणखान्यात तो स्वर मीटरभर अंतरावर १०० डेसिबलने ऐकू यायचा असेल, तर बारा इंची वूफरचा पडदा कित्येक मिलिमीटर पुढे-मागे हलावा लागतो, आणि स्वर एका सप्तकाने खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी त्याला चौपट हलावे लागते. कानात मात्र प्रकरण निराळे आहे. टिप बसल्यावर ती आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये उरते ती एक-दोन घनसेंटिमीटर हवा, म्हणजे औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा कोंडलेल्या हवेत लाट उठवायची नसतेच; हवा नुसती दाबायची आणि सोडायची असते. ढोबळ हिशेब मांडला तर तेच १०० डेसिबल गाठण्यासाठी १० मिलिमीटर व्यासाच्या इअरफोनच्या पडद्याला एका मायक्रॉनच्या आसपासची हालचाल पुरते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शिवाय बंद पोकळीतला दाब पडदा किती हलला एवढेच पाहतो. तो सावकाश हलला की भराभर, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. त्यामुळे ज्या ३० हर्ट्झसाठी घरात कपाटाएवढी पेटी ठेवावी लागते, ते ३० हर्ट्झ शेंगदाण्याएवढ्या इअरफोनला सहज जमतात. अट एवढीच, की पोकळी बंद हवी.

ती बंद नसेल तर काय होते, हे सायकलच्या पंपावर समजते. नळीच्या तोंडावर अंगठा सैलसर धरा. दट्ट्या सावकाश ढकलला तर हवा अंगठ्याच्या कडेने फुसफुसत निघून जाते आणि हाताला विरोध जाणवत नाही; तोच दट्ट्या एकदम दाबला तर हवेला निसटायला वेळच मिळत नाही आणि अंगठ्याला चांगला रेटा बसतो. कानातली फट हा तसाच सैल अंगठा आहे. ५० हर्ट्झच्या स्वरात दाबाचा एक टप्पा १० मिलिसेकंद टिकतो, ५,००० हर्ट्झच्या स्वरात तोच टप्पा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपतो. पहिल्याला फटीतून पळून जायला भरपूर सवड असते, दुसऱ्याला नसते. म्हणून गळका इअरफोन एकूण आवाजाने कमी लागत नाही, तो फक्त पातळ लागतो. गायकाचे शब्द स्पष्ट, झांज लखलखीत, आणि खाली जमीनच नाही. हाच अनुभव घेऊन लोक दुकानात जातात आणि ‘ह्यात बेस नाही’ असे सांगतात. एखाद्या केसाएवढ्या फटीने खालच्या सप्तकात वीस डेसिबलची घट सहज येऊ शकते, आणि वीस डेसिबल म्हणजे दाब दहा हिश्शांवरून एका हिश्शावर येणे.

येथे तबला ऐकणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो, कारण माझ्या मते बेस तपासायला डग्ग्यासारखे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्यासारखे, साधन नाही. ‘धा’ हा बोल उजव्या हाताचा ‘ता’ आणि डग्ग्याचा ‘गे’ मिळून होतो, आणि त्रितालाची ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात दाखवायचा भाग, आपण ओळखतो ती बरीचशी डग्ग्याचा घुमारा थांबून ‘तिं तिं ता’ आल्यामुळे. आता त्यातून घुमारा काढून टाका : ‘धा’चा ‘ता’ होतो, ‘धिं’चा ‘तिं’ होतो, आणि गळक्या इअरफोनमध्ये अख्खा त्रिताल खालीतच वाजत राहतो. खाली आल्यावर डावी बाजू उचलली गेली आणि पुढच्या ‘धिं’वर ती पुन्हा टेकली, असे स्पष्ट जाणवले तर टिप बसली आहे असे समजावे. वादकाने तळहाताच्या मुळाने पुडी दाबत डग्ग्यावर मींड घेतली, तर ती वर चढताना कोठेही तुटू नये.

तंबोऱ्यावर ही परीक्षा करू नका, तो फसवतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागलेली असते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर पडत नाहीत, तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो. त्याचे कारण जवारी, म्हणजे तार झणझणावी म्हणून घोडीला दिलेली घडण. जवारीमुळे त्या तारेतून १३९, २०८, २७७ असे पटीतले स्वयंभू स्वर भरभरून निघतात, आणि ही शिडी ऐकली की मेंदू तिची खालची गैरहजर पायरी स्वतःच भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मूळ स्वराचा वाटा मोठा आणि वरच्या स्वरांचा आधार तुटपुंजा असतो, त्यामुळे तेथे मेंदूला ही मखलाशी करता येत नाही.

मी स्वतः हे पुस्तकातून शिकलो नाही, नुकसानीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या ऐपतीबाहेरचा एक इअरफोन घेतला, तीन आठवडे तो नेटाने ऐकला, आणि आवाज अगदीच कोरडा म्हणून निम्म्या किमतीत विकून टाकला. ज्याने विकत घेतला त्याच्याकडे तो पुढे एकदा कानात घातला, तेव्हा त्यावर खोक्यातल्या टिपांपैकी सर्वांत मोठी जोडी चढवलेली होती. मी कारखान्यातून लावून आलेली मधली जोडी कधी बदललीच नव्हती. तोच इअरफोन, तेच ध्वनिमुद्रण, आणि डग्गा असा भरून आला की मला तो परत मागण्याचीही लाज वाटली.

तेव्हा खोक्यातल्या टिपांच्या त्या लहानशा पिशवीला कचऱ्यात जागा देऊ नका. आपले दोन्ही कान एका मापाचे असतातच असे नाही. माझ्या उजव्या कानाला मधली आणि डाव्याला मोठी टिप लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. इअरफोन घालताना डोक्यावरून विरुद्ध हात नेऊन कानाच्या पाळीची वरची कड वर आणि मागे ओढावी. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि वाकडी असते, पाळी ओढल्याने ती बरीच सरळ होते आणि टिप न दुमडता आत सरकते. फोमची टिप असेल तर ती आधी दोन बोटांत वळून बारीक करावी, आत घालावी आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. वातीसारखी वळून लगेच सोडली तर ती नळीच्या तोंडाशीच फुगते आणि बाहेर येते. नंतर ओठ मिटून ‘म्’ असा गुंजारव करावा. दोन्ही बाजू बंद झाल्या असतील तर तो डोक्याच्या मधोमध, विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. एका बाजूला झुकला तर दुसरीकडे फट आहे. पुष्कळांना हे घुमणे आणि घास चावतानाचा कानातला गडगडाट आवडत नाही, म्हणून ते टिप सैल ठेवतात आणि नंतर बेसची तक्रार करतात. दोन्ही गोष्टी एकाच बंद दारामागे आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. चष्म्याची काडी टिपेला ढकलत नाही ना, आणि बोलताना जबडा हलल्यावर खर्ज येतो-जातो का, हेही पाहावे.

टिपच नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरबड्स असतात, त्यांच्यात फट हा दोष नसून रचनाच आहे. त्यांचे निर्माते खालचे स्वर आधीच वाढवून ठेवतात, तेवढ्यावर समाधान मानावे.

कानात खोल बसवण्याची ही कल्पना नवी नाही. श्रवणशास्त्रात काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी संस्थेने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ हा इअरफोन आणला. त्यात श्रवणयंत्रातून आलेला बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा चिमुकला ध्वनिजनक होता आणि एकावर एक तीन छत्र्या लावल्यासारखी टिप. ती चांगली खोल बसवावी लागते. बॅलन्स्ड आर्मेचरमध्ये बेस नसतो, असा जो प्रवाद अजून ऐकू येतो, त्याला मी अर्धाच मान देतो. या ध्वनिजनकाचा पडदा फार थोडा हलतो, त्यामुळे किंचित गळतीही त्याला परवडत नाही. साध्या डायनॅमिक पडद्याजवळ हालचालीची शिल्लक असते आणि थोडी फट तो रेटून नेतो. पण बंद कानात दोघेही खालपर्यंत पोचतात.

फट बुजली तरी बेस पुरेसा वाटेल, याची मात्र हमी नाही, कारण पुढचा अडथळा आपल्या कानाचाच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना फार कमी प्रतिसाद देतो. १,००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला आणखी ३५ डेसिबलहून अधिक द्यावे लागतात. आवाज वाढवत नेला की ही दरी अरुंद होते. रात्री हळू लावलेले गाणे पोकळ वाटते ते यामुळे, आणि मग हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. मुंबईच्या लोकलमध्ये तर चाकांची आणि मोटारीची घरघर नेमकी खालच्याच पट्ट्यातली असते, ती डग्ग्याला झाकून टाकते, आणि चर्चगेट येईपर्यंत माणूस आवाज कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे निभावते, ९० डेसिबलवर अवघे चार तास. नीट बसलेली टिप बाहेरचा गोंगाटही अडवते, आणि खालच्या घरघरीवर सर्वांत चांगले चालते ते नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरच्या आवाजाला उलट लाटेने खोडून काढणारी सोय. म्हणून लोकलमध्ये खर्ज हवा असेल तर ते चालू करावे आणि आवाज दोन पायऱ्यांनी उतरवावा. मी स्वतः बेस बूस्टचे बटण दाबण्याआधी हे करतो.

इक्वलायझर, म्हणजे स्वरांचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याची सोय, वाईट नाही, तो आंधळेपणाने वापरणे वाईट. हरमन या ध्वनिसाधनांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांतून दिसले की बहुसंख्य श्रोत्यांना हेडफोनमध्ये खालचे स्वर थोडे चढे असलेले आवडतात, कारण चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर ते तसेच ऐकू येतात. तेव्हा साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबल उचलण्यात पाप नाही. मोबाइलमधली तयार बेस बूस्टची बटणे पुष्कळदा २००-३०० हर्ट्झपर्यंत सगळेच फुगवतात. त्या पट्ट्यात पुरुष गायकाच्या आवाजाचे अंग असते, आणि तो घशात गोळा अडकल्यासारखा गाऊ लागतो. शिवाय सहा डेसिबल उचलणे म्हणजे पडद्याला दुप्पट हलवणे आणि चौपट शक्ती मागणे, त्यामुळे जेवढे खाली वाढवाल तेवढी एकूण पातळी इक्वलायझरमध्येच कमी करावी, नाहीतर जोरदार ठोक्यावर आवाज फाटतो. आणि फट असताना उचललेला बेस म्हणजे भोके पडलेल्या घागरीत पाणी ओतणे.

एक गोष्ट मात्र कोणताही इअरफोन देणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक समोरून जाते, तेव्हा ढोलाचा ठोका छातीच्या पिंजऱ्यात आणि पायाखालच्या फरशीत वाजतो; कान त्यातला एक साक्षीदार असतो. इअरफोनमध्ये त्या ढोलाचा स्वर पूर्ण येईल, धक्का येणार नाही. धक्क्याच्या शोधात जे आवाज वाढवत जातात त्यांना तो कधी सापडत नाही.

आता समोरच्या टेबलावर तीन मापांच्या कोऱ्या टिपा ठेवल्या आहेत. आपापल्या इअरफोनवर एकेक चढवून पाहा. जुनी टिप काढलीत की तोंडावरची बारीक जाळी उजेडात धरा, मळाने ती बुजली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झटका. आधी त्रितालाचा ठेका लावतो. सगळ्यांनी डोळे मिटून ऐका, आणि खाली आली असे वाटेल तेव्हा हात वर करा.